निशाणी पडण्याआधी

वादीचे वकील साक्षीदाराच्या हातात करारनाम्याची झेरॉक्स देतात. ‘यावरची सही तुमचीच ना?’ ‘हो.’ न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात, ‘निशाणी 42.’ झाले. एवढ्यात प्रतिवादीच्या वकिलांनी उठून मूळ प्रत मागितली नसेल, तर ही झेरॉक्स पुढे अपिलात, जिल्हा न्यायालयात अशिलाच्या अंगावर येते आणि तिथे कपाळावर हात मारून भागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये व्यंकटाचल गौंडर प्रकरणात अशा हरकतींची विभागणी करून दिली. दस्तऐवज मुळातच पुराव्यात अग्राह्य असेल, तर निशाणी पडल्यावरही, अगदी अपिलातसुद्धा हरकत घेता येते. मात्र तो शाबीत करण्याची पद्धत चुकली असेल, तर निशाणी पडण्याआधीच बोलायला हवे. तेव्हा बोलला असतात, तर समोरच्याला उणीव भरून काढता आली असती, हा त्यामागचा विचार. मुद्रांकाचे तर आणखी कडक. कमी मुद्रांकाचा दस्त एकदा पुराव्यात दाखल करून घेतला, की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे त्याच दाव्यात त्या कारणावरून त्याला सहसा आव्हान देता येत नाही.

बरे, हरकत घेतली. पण ती उतरली का? अपिलात न्यायाधीशांसमोर असतात ते रोजनामा, जबान्या, निशाण्या आणि निकालपत्र. तोंडी घेतलेली हरकत हवेत विरते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 11 नुसार, हरकत असूनही प्रश्न विचारू दिला तर प्रश्न, उत्तर, हरकत, ती घेणाऱ्याचे नाव आणि त्यावरचा निर्णय हे सारे लिहून घ्यायचे असते. बोर्डावर प्रकरणांची रांग असली की हे राहून जाते. मग मुरलेला वकील वाद घालत बसत नाही, सरळ लेखी अर्ज देतो. अर्जाला निशाणी क्रमांक पडतो, त्यावर आदेश होतो. तो नामंजूर झाला तरी चालते. याच संहितेच्या कलम 105 मुळे तो आदेश पुढे अपिलाच्या मेमोत मुद्दा म्हणून घेता येतो.

उलटतपासाची गोष्ट वेगळी. जबानी बहुधा प्रश्नोत्तरांत उतरत नाही, कथनासारखी लिहिली जाते. आपल्याकडच्या जबान्यांत ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी गावात नव्हतो’ अशी वाक्ये रांगेने दिसतात. नवख्याला ती निरर्थक वाटतात, कारण साक्षीदार नाकारणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण त्या नकारामागे आपली बाजू साक्षीदारापुढे मांडल्याची नोंद असते. ती मांडलीच नाही, तर ‘या मुद्द्यावर साक्षीदाराला आव्हानच दिले नाही’ असे अपिलात ऐकावे लागते. 1893 च्या ब्राउन विरुद्ध डन या इंग्लिश निकालापासून चालत आलेले हे सूत्र आपल्या न्यायालयांत पक्के रुजले आहे.

म्हणून दर प्रश्नाला हरकत घ्यायला उठायचे का? मला तरी तो दिखाऊपणा वाटतो. 2001 च्या बिपिन शांतिलाल पांचाळ निकालात सर्वोच्च न्यायालय अशा हरकतींनी होणाऱ्या खोळंब्याला वैतागले होते: हरकत नोंदवा, निशाणी तात्पुरती द्या, निर्णय शेवटी करा, मुद्रांकाचा प्रश्न तेवढा लगेच सोडवा. पण निर्णय शेवटावर ढकलला, की नको तो मजकूर जबानीत साचतो. म्हणून 2021 मध्ये फौजदारी खटल्यांपुरती न्यायालयाने दिशा बदलली: प्रश्नावरच्या हरकतीचा निकाल त्याच वेळी, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा.

निकालपत्र आल्यावरही एक काम उरतेच. मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्धच्या तक्रारीतून निघालेल्या रामदास श्रीनिवास नायक प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालात सरकारी बाजूने दिलेली एक कबुली नोंदली होती. ‘असे आम्ही म्हणालोच नव्हतो,’ हा पवित्रा सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये मान्य केला नाही. न्यायालयात काय घडले याबाबत निकालपत्रातली नोंद अखेरची. ती चुकली असेल, तर आठवण ताजी असताना त्याच न्यायमूर्तींकडे जायला हवे होते. त्यामुळे निकालाची प्रत हाती पडली, की जाणता वकील शेवटचा आदेश वाचून थांबत नाही. ‘वकिलांनी मान्य केले की’ असे कुठे आले आहे का, हेही तो चाळून घेतो.