पावदान सुटते, वेग सुटत नाही

पुण्याहून निघालेली लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली असे मावळचे मुक्काम घेत लोणावळ्यास पोहोचते. आणि यांतल्या कोणत्याही फलाटावर ती पुरती थांबण्याआधीच जे सराईत प्रवासी खाली पाऊल टाकतात, ते तोंड गाडीच्या दिशेकडे ठेवून, अंग किंचित मागे रेलून उतरतात आणि पाय टेकताच गाडीबरोबर चार पावले धावतात. ही रीत त्यांना कोणी शिकविलेली नसते, पण तिच्या मुळाशी जडत्वाचा नियम आहे.

डब्यात स्वस्थ बसलेल्यास आपण स्थिर आहोत आणि लोहगड-विसापूरच मागे सरकत आहेत असे भासते. नावेतल्या माणसाला तीरावरच्या अचल वस्तू उलट जाताना दिसतात, हा दृष्टांत आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वीचे स्वतःभोवतीचे भ्रमण विशद करण्यासाठी योजिला होता. त्या भ्रमणामुळे लोणावळ्याची भूमीही ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते. परंतु आपण, फलाट आणि सभोवतीची हवा तिच्यासवेच असल्यामुळे त्याची आपणांस वार्ताही नसते. अपाय वेगाने होत नाही, तो दोन वेगांमधील अंतराने होतो.

गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदास १० मीटरने चालली आहे असे धरू. तिच्यातून बाहेर पडलेला देह रुळाकाठच्या खडीपर्यंतचे सव्वा मीटर अर्ध्या सेकंदात उतरतो, आणि तेवढ्यात पाच मीटर पुढे गेलेला असतो. मग घर्षण तळपायांना अडविते, धडाला मात्र अडवीत नाही, आणि मनुष्य तोंडघशी पडतो. धावून सावरावे म्हटले तर इतका वेग जगातल्या निवडक धावपटूंनाच साधतो.

येथे एक शंका रास्तपणे उद्भवते: मागच्या दिशेस उडी घेतली तर? सेकंदास ३ मीटरने मागे झेप घेतल्यास जमिनीच्या अपेक्षेने ७ मीटरच वेग उरतो, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती शंभरावरून एकोणपन्नासावर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. हिशेब बिनचूक आहे. तथापि उरलेला वेग अजून गाडीच्याच दिशेचा असतो, आणि मागे तोंड करून उडी घेणारा त्या वेगाने पाठीवर, डोक्याच्या मागील भागावर कोसळतो, जेथे ना हात पुढे करता येतात, ना पाऊल टाकता येते. म्हणून तोंड पुढे आणि रेटा मागे, एवढीच काय ती तडजोड शरीररचनेस मानवते. आणि तीही गाडी थांबण्याच्या बेतात असतानाच. फलाट आणि डबा यांमधील फटीपुढे तर कोणतीच तडजोड चालत नाही, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो.

वेग निर्धोकपणे टाकायचा तर लांबी लागते, हे घाटातला लोहमार्ग दाखवितो. लोणावळ्याखालच्या बोरघाटातून तो १८६३ साली सुरू झाला. तेथील तीव्र चढ ३७ मीटरांस १ मीटर असा आहे, आणि उतारावर ताबा सुटलेल्या गाडीसाठी अभियंत्यांनी चढणीवर नेणारे आडमार्ग, म्हणजे कॅच सायडिंग, राखून ठेविले. सेकंदास १० मीटरने आलेला डबा, घर्षण हिशेबात न धरता, पाच मीटर उंच चढून थांबेल; तितक्याच तीव्र चढावर यास सुमारे १९० मीटर लांबी लागते. तोच वेग खडीवर आपटलेल्या शरीरास दहा सेंटिमीटरांत टाकावा लागला, तर त्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पन्नासपट बळ पडते.