एका शेतात दोन पिके, अर्जात एकच जागा

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर हे गाव आहे. खरिपात या भागात कपाशीच्या काही ओळी आणि मग तुरीची एक ओळ, अशी पेरणी सर्रास दिसते. समजा, येथील विद्यार्थ्यांनी पिकांची पाहणी करण्याचे ठरवले आणि संगणकावरील अर्जात प्रश्न ठेवला : शेतात कोणते पीक आहे? पर्याय पाच : कापूस, तूर, सोयाबीन, मूग, ज्वारी. निवड मात्र एकाचीच. शेतकऱ्याने कापूस निवडला, की त्याची तूर नोंदीत उगवतच नाही!

महसूल खात्याला ही अडचण जुनीच ठाऊक आहे. सातबाऱ्यातील 'बारा', म्हणजे गाव नमुना १२, यात मिश्र पीक आणि निर्भेळ पीक यांचे रकाने वेगळे असतात. २०२१ पासून शेतकरी मोबाइलवरून करतात त्या ई-पीक पाहणीतही हा भेद आहे.

गणिताच्या दृष्टीने पाहा. एकच निवड असेल तर उत्तरे ५. पण प्रत्येक पिकाबाबत 'आहे' किंवा 'नाही' असे विचारले, तर २×२×२×२×२ = ३२ उत्तरे होतात. म्हणजे हा एक प्रश्न नसून पाच छोटे प्रश्न आहेत.

असा अर्ज तयार करण्यासाठी पायथन या संगणकभाषेत (पहिली आवृत्ती १९९१) लिहिलेला जँगो हा सांगाडा उपयोगी पडतो. अमेरिकेतील लॉरेन्स शहरातील एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो घडला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. अर्ज दाखवणे, उत्तरे तपासणे आणि ती साठवणे ही नेहमीची कामे त्यात तयार मिळतात.

एका निवडीसाठी त्यात 'चॉइसफील्ड' आहे, अनेक निवडींसाठी 'मल्टिपलचॉइसफील्ड'. मात्र दुसऱ्या प्रकारात आपण काही सांगितले नाही, तर पडद्यावर एक यादी येते आणि संगणकावर एकाहून अधिक नावे निवडताना कंट्रोलची कळ दाबून धरावी लागते. नवख्याला हे कसे कळावे? म्हणून 'चेकबॉक्ससिलेक्टमल्टिपल' हे रूप मागावे. मग प्रत्येक पिकापुढे खूण करण्याचा चौकोन दिसतो.

आता खरी गंमत. दोन चौकोनांत खूण केली, तर ब्राउझर 'पीक = कापूस' आणि 'पीक = तूर' अशा एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या पाठवतो. आलेल्या उत्तरांतून आपण 'गेट' या आज्ञेने पीक मागितले, तर जँगो फक्त शेवटची चिठ्ठी देतो. कापूस गळून पडतो, आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही! सर्व चिठ्ठ्या हव्या असतील तर 'गेटलिस्ट' वापरावे. त्याहून बरे म्हणजे अर्जाकडून तपासलेली उत्तरे घ्यावीत. ती यादीच्याच रूपात मिळतात. या तपासणीत प्रत्येक उत्तर मूळ पर्यायांशी ताडले जाते. कोणी खटपट करून 'ऊस' घुसवला, तर अर्ज ते नाकारतो.

रिकामा चौकोन मात्र काहीच पाठवत नाही. त्यामुळे 'पीक नाही' आणि 'खूण करायची राहिली' यांत फरक कळत नाही. यासाठी 'पडीक' हा सहावा पर्याय ठेवावा. पण मग 'पडीक' आणि 'कापूस' दोन्हींवर खूण होऊ शकते! ती अडवण्याचा नियम आपणच लिहायला हवा. शेती संगणकाला कळत नाही.

साठवताना 'कापूस, तूर' असे एकाच घरात लिहिण्याचा मोह टाळावा. एक तक्ता शेतांचा, एक पिकांचा, आणि तिसऱ्यात शेत-पीक जोड्या, प्रत्येक जोडीला एक ओळ. मग 'तूर किती शेतांत आहे?' याचे उत्तर ओळी मोजून मिळते.

वर्गात करून पाहा : कापूस १, तूर २, सोयाबीन ४, मूग ८, ज्वारी १६ असे अंक द्या. विद्यार्थ्याने मनातल्या शेतातील पिकांच्या अंकांची फक्त बेरीज सांगावी, इतरांनी पिके ओळखावीत. ३ म्हणजे कापूस आणि तूर, १९ म्हणजे? कोणत्याही दोन शेतांची पिके वेगळी असूनही बेरीज सारखी येते का, ते शोधू द्या. शोधता शोधता मुले द्विमान पद्धतीपर्यंत आपोआप पोचतील.