गोष्ट सांगू नका, शॉट सांगा



एम.एस्सी.नंतर मी सिनेमावर पीएच.डी. करायला घेतली, तेव्हा वाटलं होतं, सिनेमे तर लहानपणापासून बघतेय, यात अवघड ते काय! नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'वर (२०१३) आठ पानांचं टिपण लिहून गाईड मॅडमना दिलं. त्यांनी समासात एवढंच लिहिलं : "गोष्ट मलाही माहीत आहे. पडद्यावर काय आहे?"

आठही पानं पुन्हा लिहावी लागली. मुलाखतीला किंवा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तुमचं तसं होऊ नये, म्हणून हा लेख.

प्रयोगवहीत आपण निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहितो. इथेही तेच करायचं. संज्ञा भारदस्त दिसायला नाहीत, निरीक्षण नेमकं नोंदवायला आहेत.

शॉट : एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचा सलग तुकडा.

सीन : एका जागी, एका वेळी घडणारा प्रसंग. त्यात एक शॉट असेल किंवा पन्नास.

लाँग शॉट आणि लाँग टेक : इथे बरेच जण घसरतात. लाँग शॉट म्हणजे माणूस दुरून, आजूबाजूच्या जागेसकट दिसणं. लाँग टेक म्हणजे शॉट बराच वेळ न तुटणं. पहिल्यात अंतर मोजतो, दुसऱ्यात वेळ.

मीझांसेन : चौकटीत मांडलेलं सगळं. जागा, वस्तू, प्रकाश, कपडे, पात्रं कुठे उभी आहेत ते.

डायजेटिक आवाज : जो पात्रांनाही ऐकू येतो. पार्श्वसंगीत फक्त आपल्याला ऐकू येतं, म्हणून ते नॉन-डायजेटिक.

आता 'फँड्री'कडे येऊ. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडतंय, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, घरचेही थांबतात, डुक्कर निसटतं. "प्रसंग हृदयस्पर्शी आहे" हे माझं जुनं वाक्य. त्यातून काहीच कळत नाही. नेमकं निरीक्षण असं : गाणारी शाळा चौकटीबाहेर आहे, पण आवाज डायजेटिक आहे, म्हणूनच तो पात्रांना थांबवू शकतो.

आता एक घटक मनातल्या मनात बदलून पाहा. हेच राष्ट्रगीत पार्श्वसंगीत असतं तर? कुटुंब थांबलंच नसतं, प्रसंगच उरला नसता. म्हणजे अर्थ या घटकावर उभा आहे. हा आपला 'कंट्रोल' समजा.

पुढे डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत. भिंत आणि ओझं वाहणारी माणसं एकाच चौकटीत आहेत, हे निरीक्षण. आदर्श भिंतीवरच राहिले, हा निष्कर्ष. कट करून दोन्ही वेगवेगळं दाखवलं असतं, तर जोडणी दिग्दर्शकाने केली असं वाटलं असतं. इथे ती गावातच आहे.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. तो चिडवणाऱ्याला लागला की आपल्याला? दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. पण आधीच्या शॉटमध्ये जब्या कुणाकडे बघत होता, हे न तपासता लिहाल तर ते फक्त मत ठरेल.

सराव म्हणून आवडत्या सिनेमातला तीन मिनिटांचा एक सीन घ्या. एकदा नुसता बघा, एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. मग तक्ता करा : शॉट क्रमांक, सेकंद, अंतर, कॅमेऱ्याची हालचाल, आवाज. 'अर्थ' हा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा आणि बाकीचे भरल्याशिवाय त्याला हात लावू नका.

माझी ती आठ पानं अखेर तीन झाली. मॅडमनी या वेळी समासात प्रश्न विचारले, आणि त्यातल्याच एका प्रश्नावर आज माझं एक प्रकरण उभं आहे.