धडधड थांबली, तरी गोळी थांबवू नका

घरातील बुजुर्ग माणूस ‘छातीत धडधडतंय’, ‘जीव घाबरतोय’ असे म्हणाला की आपल्याकडे उत्तरे तयार असतात. गॅस झाला असेल, जागरण झाले असेल, चहा जास्त झाला असेल. थोडा वेळ पडून राहिले की बरे वाटते आणि विषय संपतो. पुष्कळदा कारण खरोखरच साधे असते. पण साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या धडधडीमागे एक असा आजार असू शकतो, ज्याचे नाव आपल्या घरांत अजून फारसे रुळलेले नाही. तो म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर थोडक्यात त्याला ‘एएफ’ म्हणतात.

या आजारात माणूस सहसा छाती धरून कोसळत नाही. बिघाड हृदयात असतो, पण मोठा घाव मेंदूवर बसतो आणि माणसाला लकवा होतो. हा घाव पुष्कळ अंशी टाळता येतो. त्यासाठी रोज एक-दोन गोळ्या घ्याव्या लागतात. गोळी लिहून देण्याचे काम डॉक्टरांचे, पण ती रोज पोटात जाते की नाही हे आपल्या घरात ठरते. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

हृदयात काय बिघडते?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त गोळा करून खालच्या दोन कप्प्यांत ढकलतात आणि खालचे दोन ते फुप्फुसांकडे व शरीराकडे पाठवतात. हे सारे विजेच्या एका बारीक संकेतावर, ठरलेल्या तालात चालते. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत हे संकेत मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा आणि वाटेल तसे उठू लागतात. मग ते कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांचा तालही बिघडतो. नाडीवर बोट ठेवले तर एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, तिसरा हलका असे लागते.

काहींना धडधड, दम, थकवा, चक्कर जाणवते. काहींना काहीच जाणवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला आणि तेव्हा आजार कळला, असेही होते.

खरा धोका पुढे आहे. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की तिच्यात रक्त साचते आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून रक्ताबरोबर मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या हृदयाची पाहणी सुरू आहे. एएफ असलेल्यांना लकवा होण्याचा धोका सुमारे पाच पट असतो, हे तिथल्या १९९१ च्या अहवालात दिसले. पन्नाशीतल्या माणसांत लकव्याच्या शंभरांतील एक-दोन घटनाच एएफमुळे होत्या. ऐंशी ते एकोणनव्वद या वयात हे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर गेले. एएफमुळे आलेला लकवा इतर लकव्यांपेक्षा जास्त तीव्र असतो, हेही याच पाहणीतून पुढे आले.

बरे वाटणे आणि सुरक्षित असणे

आपल्या घरांत सर्वाधिक गफलत इथेच होते. औषधांनी धडधड थांबते, अब्बा पुन्हा मशिदीत पायी जाऊ लागतात, आणि मग घरात कोणीतरी म्हणते, ‘आता बरे आहेत ना, मग इतक्या गोळ्या कशाला?’ पहिली बंद होते ती रक्त पातळ करणारी गोळी. कारण तिचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही.

याचे उत्तर २००२ साली मिळाले. अमेरिका आणि कॅनडात एएफच्या ४,०६० रुग्णांवर ‘अफर्म’ नावाचा मोठा अभ्यास झाला. अर्ध्या रुग्णांना हृदयाचा ताल पूर्ववत आणणारी औषधे दिली. उरलेल्यांचा ताल बिघडलेलाच राहू दिला, फक्त ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवला. ताल सुधारलेले रुग्ण जास्त जगतील अशी अनेकांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. आणि दोन्ही गटांत ज्यांना लकवा झाला, त्यांतील बहुतेकांची रक्त पातळ करणारी गोळी बंद झालेली होती किंवा तिचा परिणाम अपुरा पडत होता.

नंतरच्या काळात उपचार सुधारले. २०२० साली युरोपातील २,७८९ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की आजार नवा असतानाच ताल सुधारण्याचे उपचार सुरू केले, तर हृदयविकाराने मृत्यू, लकवा आणि त्यामुळे दवाखान्यात भरती होणे कमी होते. पण त्या रुग्णांचीही रक्त पातळ करणारी औषधे चालूच ठेवली होती. ताल सुधारला म्हणजे गुठळीचा धोका संपला असे नाही. हे औषध कोणाला लागते आणि किती काळ, हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, आधी होऊन गेलेला लकवा अशा गोष्टी मोजून डॉक्टर ठरवतात. आज धडधड होते की नाही, यावर ते ठरत नाही.

सडलेल्या चाऱ्यातून सापडलेले औषध

या औषधाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९३३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली गाय आणि भांडेभर न गोठलेले रक्त घेऊन तिथल्या विद्यापीठात पोहोचला. त्याची जनावरे सडलेला चारा खाऊन रक्तस्रावाने मरत होती. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधला. त्याच जातीचे एक रसायन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. त्याचे नाव वॉरफरिन. १९५० च्या दशकात तेच रसायन, मोजून-मापून, माणसांसाठी औषध म्हणून वापरले जाऊ लागले. आपल्याकडे याच जातीची ॲसेनोकुमॅरॉल ही गोळीही बरीच दिली जाते.

‘हे तर उंदराचे औषध’ असे कोणी घाबरवले, तर लक्षात ठेवावे की फरक मात्रेचा आहे. एएफमध्ये वॉरफरिन नीट घेतल्यास लकव्याचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो. मात्र तिची मात्रा अचूक लागते. म्हणून ‘पीटी-आयएनआर’ ही रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. बहुतेक एएफ रुग्णांत हा आकडा २ ते ३ यांच्यामध्ये हवा. त्याच्या खाली गेला तर गुठळीची भीती आणि फार वर गेला तर रक्तस्रावाची.

‘या वयात रक्त पातळ कशाला?’

ही शंका चुकीची नाही. या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, कधी गंभीरही. पण भीतीपोटी निवडलेला दुसरा मार्ग सुरक्षित असतोच असे नाही. ‘जोरदार गोळी नको, साधी ॲस्पिरिन पुरे,’ असे अनेक घरांत म्हटले जाते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पंचाहत्तरी ओलांडलेल्या ९७३ एएफ रुग्णांत या दोन गोळ्यांची तुलना केली. २००७ मध्ये निकाल आला. जीवघेणा किंवा अपंग करणारा लकवा, मेंदूतील रक्तस्राव अशा घटना ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ४८ आणि वॉरफरिन घेणाऱ्यांत २४ झाल्या. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखेच होते.

दुसरी भीती पडण्याची. ‘दादी तोल जाऊन पडतात, डोक्याला लागले तर?’ कॅनडातील डॉक्टरांनी १९९९ मध्ये याचा हिशेब मांडला. त्यानुसार वॉरफरिनचा तोटा फायद्यापेक्षा जास्त व्हायला वृद्ध रुग्णाने वर्षात सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. हा सरासरीचा हिशेब आहे. प्रत्येक रुग्णाचा निर्णय वेगळा. पण केवळ वय झाले म्हणून गोळी परस्पर बंद करण्याचे कारण त्यात सापडत नाही. त्यापेक्षा न्हाणीघरात आणि वुजूच्या जागी पाय घसरणार नाही अशी सोय करावी.

नव्या गोळ्या आणि एक महत्त्वाचा अपवाद

२००९ नंतर डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन ही नवी औषधे आली. त्यांना वरचेवर आयएनआर तपासणी लागत नाही आणि मेंदूतील रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी होतो. २०११ साली १८,२०१ रुग्णांच्या अभ्यासात अपिक्साबॅन घेणाऱ्यांत वॉरफरिनच्या तुलनेत लकवाही कमी झाला, मोठा रक्तस्रावही आणि मृत्यूही.

पण हे सर्वांना लागू नाही. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे सुजणारा ताप येतो आणि त्यात काही मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही. अशा झडपेमुळे एएफ तरुण वयातही होतो आणि त्यात स्त्रिया जास्त असतात. भारतासह २४ देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या जातीची गोळी सरस ठरली. ती घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. म्हणून शेजारच्यांची ‘नवी, बिनतपासणीची’ गोळी पाहून आपल्या सुनेची गोळी बदलू नये. मात्र वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते. म्हणून अशी गोळी घेणाऱ्या विवाहितेने मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. दिवस राहिल्याची शंका आली तर गोळी स्वतः न थांबवता त्याच दिवशी त्यांना कळवावे.

रमजानची तयारी

बुजुर्ग मंडळी रोजा सोडायला सहजी तयार होत नाहीत आणि मग गोळीची वेळ चुकते. म्हणून रमजान लागण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जावे. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर बसवणे तुलनेने सोपे असते. रिव्हारोक्साबॅनची नेहमीची मात्रा जेवणासोबतच घ्यायची असते, रिकाम्या पोटी नाही. अपिक्साबॅन आणि डॅबिगाट्रान दिवसातून दोनदा लागतात. त्या इफ्तार आणि सहरीला घेतल्या तर दोन्हींमधले अंतर सारखे राहत नाही. ते चालेल का, हे डॉक्टरांनीच सांगायचे. दोन मात्रा एकदम घेऊन हिशेब पुरा करू नये. उन्हाळ्यातल्या रोज्यात शरीरातले पाणी कमी होते आणि किडनीवर ताण येतो. काही औषधांचा अंश मग रक्तात जास्त साठतो.

ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा काहींना डॉक्टर परवानगी देतात. ज्यांना देत नाहीत, त्यांना सूरह अल-बकराहच्या १८४ व १८५ या आयतींत आजाऱ्यासाठी दिलेली सवलत आठवून द्यावी. कजा की फिदया, हे आलिमांना विचारावे. अब्बांना हे समजावण्याचे काम मुलांचे आहे. उमरा-हजला जातानाही पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी.

घरात पाळायच्या गोष्टी

• पाच मिनिटे शांत बसून, अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट नाडी पाहावी. ताल सतत वेडावाकडा लागला तर ईसीजी काढावा. पासष्टीपुढच्या माणसांची नाडी अधूनमधून जरूर पाहावी.

• वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल चालू असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर बंद करण्याची गरज नाही. प्रमाण मात्र रोज साधारण सारखे ठेवावे.

• अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये. हकिमी पुड्या किंवा अँटिबायोटिक सुरू करण्याआधी चालू गोळीचे नाव सांगावे.

• हिजामा करताना त्वचेवर चिरा देतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये. दात काढण्याआधीही सांगावे.

• पावसाळ्यात ताप आला तर लगेच दाखवावे. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

• काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर थेट दवाखाना गाठावा.

• वजन, रक्तदाब आणि साखर सांभाळावी. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे झालेल्या अभ्यासात ज्या लठ्ठ रुग्णांनी आपले दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवले, त्यांचा ताल नीट राहण्याची शक्यता इतरांच्या सहा पट दिसली.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर हा लकवा समजावा. घरात मालिश, झाडफूंक किंवा तोंडात गोळी घालण्यात वेळ घालवू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्यावे. त्रास कधी सुरू झाला, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे आणि शेवटची कधी घेतली, हे तिथे पोहोचताच सांगावे. या माहितीवर उपचार ठरतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. घरात एएफचा रुग्ण असेल तर गोळीची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. सून असो, मुलगा असो की शाळेत जाणारी नात. नमाजच्या वेळा पाळणाऱ्या घराला गोळीची वेळ पाळणे जड नाही. गोळीचे नाव, मात्रा आणि आयएनआरचे आकडे एका वहीत लिहून वही सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावी. गोळी संपायच्या आठवडाभर आधी नवी आणावी. आणि ती बंद करावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारावे.