कुठे वाचलंस, ते लिही

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या इतिहास विभागात हमखास विचारणा होते, "मॅडम, किती टक्के चालतं?" संगणक उचलेगिरी पकडतो आणि १० टक्क्यांपर्यंत माफ असतं, हे मुलांच्या कानावर आलेलं असतं. त्यामागे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलं तर ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून द्यायचा. ६० पर्यंत गेलं तर सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर बंदी आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. पण वर्गातले निबंध आणि प्रकल्प या नियमांनी स्पष्टपणे वगळले आहेत. बी.ए.च्या मुलांना प्रामाणिकपणे संदर्भ द्यायला शिकवणं हे काम आम्हा शिक्षकांचंच आहे.

टक्केवारी सांगून ते होत नाही. टक्क्यांची धास्ती घेतलेला मुलगा नुसते शब्द फिरवत बसतो. मुद्दे, त्यांचा क्रम, युक्तिवाद सगळं मूळ लेखकाचंच राहतं. सॉफ्टवेअरला ते कदाचित सापडत नाही, तरी ती चोरीच असते.

म्हणून मी वहीपासून सुरुवात करते. आधी पानाच्या माथ्यावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष लिहायचं, मगच वाचायला बसायचं. डावीकडे लेखकाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह. उजवीकडे, पुस्तक मिटून, आपल्याला काय समजलं ते. मी पाहिलेली बरीचशी उचलेगिरी वाईट हेतूने झालेली नसते. महिन्याभराने वही उघडल्यावर आपलं वाक्य कोणतं आणि पुस्तकातलं कोणतं, हेच मुलांना ओळखता येत नाही.

मग सगळ्यालाच संदर्भ द्यायचा का? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, याला नको. ते सर्वांना ठाऊक आहे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हुतात्मे किती झाले, हे मी वेगवेगळी पुस्तकं वाटून शोधायला सांगते. कुणाला १०५ सापडतात, कुणाला १०६, कुणाला १०७. वर्गात वाद पेटतो आणि "तू कुठे वाचलंस?" हे मुलंच एकमेकांना विचारू लागतात. संदर्भ कशासाठी, हे मग मला वेगळं सांगावं लागत नाही.

जे वाचलं त्याचंच नाव द्यायचं, हेही शिकवावं लागतं. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडलेलं निवेदन अनेक प्रकल्पांत येतं. ते एखाद्या चरित्रात वाचलं असेल तर त्या चरित्राचं नाव आणि पान लिहावं. मूळ निवेदन न उघडता त्याचा हवाला देणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं. आता तर चॅटबॉट कधीही न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची नावं लेखक-प्रकाशकासह देतात. त्यामुळे सूचीतल्या प्रत्येक पुस्तकाचं वापरलेलं पान मी तोंडी परीक्षेत दाखवायला लावते, मोबाइलवरचा फोटोही चालतो.

आपले आधार वाचकासमोर उघडे ठेवणं म्हणजे काय, हे दाखवायला पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक खंड मी मुलांसमोर उघडते. वर स्वीकारलेला पाठ आणि खाली कोणत्या हस्तलिखितात काय वेगळं आहे, याच्या नोंदी. संपादक वि. सी. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकारलेले पाठही झाकले नाहीत. वाचकाने तपासावं आणि पटलं नाही तर तसं म्हणावं, एवढी मोकळीक त्यांनी ठेवली.

हीच मोकळीक मुलांनाही मिळते. नेमकं पान सांगता येणारी विद्यार्थिनी नामवंत इतिहासकारालाही "हे मला पटत नाही" असं लेखी सांगू शकते. माझा आग्रह असा की प्रकल्पाचे निम्मे गुण वहीला आणि संदर्भांना असावेत, आणि तेही पहिल्या वर्षापासून. पीएच.डी.च्या दारात हे शिकवायला घेणं म्हणजे फार उशीर झाला.