नकली राउटरवरचा सराव

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुकलेला भोपळा बांधण्याची आपल्याकडची पद्धत पुष्कळांना आठवत असेल. भोपळा काही पोहायला शिकवीत नाही. तो फक्त बुडू देत नाही. हातपाय आपले आपणच मारायचे असतात. संगणकांच्या जाळ्यांचा, म्हणजे नेटवर्किंगचा, अभ्यास करणाऱ्या मुलांच्या हाती हल्ली असाच एक भोपळा आला आहे. त्याला सिम्युलेटर म्हणतात. तो वापरावा कसा, आणि पुष्कळदा तो वाया कसा जातो, ह्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

आधी परीक्षेविषयी थोडेसे. ह्या क्षेत्रातल्या नावाजलेल्या परीक्षांपैकी बऱ्याचशा विद्यापीठे घेत नाहीत. राउटर आणि स्विच बनवणाऱ्या कंपन्याच त्या घेतात. त्यांत आपल्याकडे विशेष परिचित म्हणजे सिस्को कंपनीची सीसीएनए. ही परीक्षा १९९८ साली सुरू झाली. २००-३०१ ह्या क्रमांकाचा अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला. वेळ १२० मिनिटे. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे वळून उत्तर बदलता येत नाही. काही प्रश्न पर्याय निवडण्याचे, तर काहींत समोर राउटर उभा करून 'हे चालत नाही, चालवून दाखवा' असे सांगतात. फी ३०० डॉलर, शिवाय कर. म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वरच. नापास झाल्यास पाच दिवसांनी पुन्हा बसता येते, पण फी नव्याने भरावी लागते. ज्या घरातून ही रक्कम येते त्या घरी तिचा हिशेब किती वेळा मांडला गेला असेल ते आम्हा शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक आहे असे मला वाटत नाही.

आता खरे राउटर आणि स्विच प्रत्येक मुलाच्या वाट्याला कुठून यावेत? कॉलेजात दोन-चार असतात, त्यांवर साठ मुले. ही अडचण ओळखूनच सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीने (ही अकॅडमी १९९७ सालची) 'पॅकेट ट्रेसर' नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. नाव नोंदवले की ते फुकट मिळते. साध्या संगणकाच्या पडद्यावर तुम्ही राउटर मांडता, स्विच मांडता, त्यांना केबली जोडता, आज्ञा देता. आणि खऱ्या यंत्राने जे करावे ते पडद्यावरचे चित्र करून दाखवते.

नकली यंत्रावर खरे शिक्षण देण्याची कल्पना नवी नाही, बरं का. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ साली विमान चालवण्याच्या सरावासाठी एक पेटी बनवली. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. तेव्हा ऑर्गनचेच भाते वापरून त्याने ती पेटी डोलती केली. पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले आणि खराब हवेत थोड्याच दिवसांत बरेच जण प्राणास मुकले, तेव्हा सैन्याने अशा सहा पेट्या विकत घेतल्या. पेटीत बसलेल्या माणसाला एकच गोष्ट शिकायची होती : बाहेरचे काही दिसत नसताना समोरची उपकरणे काय सांगतात ते वाचणे. आपल्या विषयातही नेमके तेच शिकायचे आहे. केबलीतून काय वाहते ते डोळ्यांना दिसत नाही.

आता एक प्रयोग करून पाहू. पॅकेट ट्रेसरमध्ये एक स्विच ठेवा आणि त्याला दोन संगणक जोडा. स्विचच्या बाजूला जोडणीवर नारिंगी खूण दिसेल. मुलगा काय करतो? 'केबल खराब आहे' म्हणतो, ती काढतो, दुसरी लावतो. पुन्हा नारिंगी. पुन्हा काढतो. वास्तविक तो तीस सेकंद स्वस्थ बसला असता तर खूण आपोआप हिरवी झाली असती. त्याच्या प्रत्येक दुरुस्तीने ते तीस सेकंद नव्याने सुरू होत होते!

स्विच थांबतो तो आळसाने नव्हे. दोन स्विच चुकून दोन केबलींनी जोडले गेले तर जाळ्यात वर्तुळ तयार होते, आणि सर्वांसाठी दिलेली एखादी हाक त्या वर्तुळात फिरत राहते. राउटरकडून राउटरकडे जाणाऱ्या पॅकेटवर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो आणि तो प्रत्येक मुक्कामाला एकाने कमी होतो. स्विचमधल्या ह्या फेऱ्यांना तसे काही बंधन नाही. पाहता पाहता सगळे जाळे त्या एका हाकेच्या नकलांनी भरून जाते. म्हणून नवी जोडणी आली की स्विच पंधरा सेकंद नुसता ऐकतो, आणखी पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो, आणि मग वाट मोकळी करतो. ह्या व्यवस्थेला स्पॅनिंग ट्री म्हणतात. राडिया पर्लमन ह्या विदुषीने १९८५ साली ती रचली. पॅकेट ट्रेसरमध्ये ही व्यवस्था बंद करून, मुद्दाम वर्तुळ जोडून, तो गोंधळ एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा. कुठल्याही कचेरीत हा प्रयोग तुम्हाला कोणी करू देणार नाही.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. राउटरवरून शेजारच्या संगणकाला 'पिंग' करा, म्हणजे 'आहेस का रे?' असे पाच वेळा विचारा. पडद्यावर पहिल्यांदा एक ठिपका उमटतो आणि मग चार उद्गारचिन्हे. ठिपका म्हणजे उत्तर आले नाही, उद्गारचिन्ह म्हणजे आले. खाली लिहून येते : यश ऐंशी टक्के. आणखी एकदा तीच आज्ञा द्या, पाचही उद्गारचिन्हे! वर्गात दहापैकी नऊ मुले तो पहिला ठिपका पाहून सोडून देतात. 'सर, होतं असं कधी कधी,' म्हणतात.

कधी कधी होत नाही, कारणाने होते. राउटरला संगणकाचा आय.पी. पत्ता ठाऊक आहे, पण त्या केबलीवर प्रत्यक्ष पोचवण्यासाठी त्याचा मॅक पत्ता लागतो. तो त्याच्याजवळ अजून नाही. नवा पोस्टमन गल्लीत शिरून मोठ्याने विचारतो ना, 'कुलकर्णी कोणते हो?' तसे राउटर सगळ्या गल्लीला विचारतो. ऐकतात सगळे, उत्तर एकच देतो. ह्या विचारपुशीला ए.आर.पी. म्हणतात. तिचे उत्तर येईपर्यंत पहिले पॅकेट टाकून दिलेले असते. तोच तो ठिपका. नंतर पत्ता वहीत टिपून ठेवलेला असतो, म्हणून पुढची चार सुखरूप पोचतात.

हे पुस्तकातही लिहिलेले असते. पण पॅकेट ट्रेसरमध्ये 'सिम्युलेशन' नावाची एक पद्धत आहे. तिच्यात काळ आपल्या हातात येतो. कळ दाबली की पॅकेट एकच पाऊल पुढे सरकते, आणि ते दिसते कसे, तर खरोखरच एखाद्या पाकिटासारखे. त्या पाकिटावर बोट ठेवले की आत कोणत्या थरावर काय लिहिले आहे ते उलगडते. मुलांना मी सांगतो, नुसत्या आज्ञा टाइप करून हिरवे दिवे लावण्यापेक्षा ह्या एका खिडकीपाशी अर्धा तास बसा.

त्या खिडकीचा उपयोग कसा होतो पाहा. एकाच स्विचवर दोन संगणक आहेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१०.१०, दुसऱ्याचा १९२.१६८.१०.७०, आणि दोघांचाही सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१९२. दिवे हिरवे, केबली उत्तम, पण एकमेकांशी बोलणे नाही. का? ह्या मास्कने २५६ पत्त्यांच्या ६४-६४ च्या चार वाड्या पाडल्या. पहिली ० ते ६३, दुसरी ६४ ते १२७, आणि पुढच्या तशाच. प्रत्येक वाडीतला पहिला व शेवटचा पत्ता राखीव, म्हणून वापरायला ६२. आता १० हा पहिल्या वाडीत, ७० दुसऱ्या. दहाव्या घरचा मनात हिशेब करतो : हा माणूस आपल्या वाडीतला नव्हे, त्याच्यासाठी वेशीवरच्या राउटरकडे, म्हणजे गेटवेकडे, जावे लागेल. गेटवेचा पत्ता तर कोणी दिलेलाच नाही. तेव्हा तो पॅकेट बाहेर पाठवीतच नाही. सिम्युलेशनमध्ये पाकीट घरातल्या घरातच रद्द झालेले दिसते आणि कारणही लिहून येते. शेजारी बसलेले दोघे, मध्ये एकच स्विच, आणि तरी दोष केबलीत नाही, स्विचमध्ये नाही. तो आकड्यात आहे. ज्याने हे एकदा पाहिले तो पुन्हा केबली उपसत बसणार नाही.

सरावाची माझी रीत अगदी साधी आहे. कळ दाबण्यापूर्वी वहीत लिहायचे : आता काय होईल? पिंग जाईल की नाही? गेले तर कोणत्या वाटेने? राउटरच्या मार्गांच्या यादीत कोणती ओळ येईल? मग कळ दाबायची. भाकीत खरे ठरले तर ठीकच. खोटे ठरले तर त्या दिवसाचा अभ्यास सापडला. एरवी काय होते, मुलगा आज्ञा देत जातो, चालले तर पुढे, नाही चालले तर दुसरी आज्ञा. काम होते, समजत काही नाही.

ह्या खटाटोपाला पॅकेट ट्रेसरचीच एक सोय खतपाणी घालते. त्यात तयार धडे मिळतात आणि काम करत जाल तसतसे कोपऱ्यात टक्के चढत जातात. चाळीस, साठ, नव्वद. मुलाचा डोळा राउटरवरून उठून टक्क्यांवर जातो. मग तो अंदाजाने आज्ञा देऊन पाहतो. आकडा हलला की बरोबर, नाही हलला की पुसून टाकतो. माझा एक हुशार विद्यार्थी असेच सगळे धडे शंभर टक्के करून परीक्षेला गेला आणि नापास होऊन आला. मला म्हणाला, 'सर, तिथं टक्के दिसत नव्हते.' तेव्हापासून पडद्याचा तो कोपरा कागदाने झाकूनच बसा असे मी सांगतो. पोरकट उपाय आहे खरा, पण लागू पडतो.

आता भोपळ्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पॅकेट ट्रेसरमध्ये खरे राउटरचे सॉफ्टवेअर चालत नाही. त्याच्यासारखे वागणारे दुसरेच काही चालते. करणाऱ्याने जेवढ्या आज्ञा घातल्या तेवढ्याच त्याला कळतात. त्यामुळे तिथे नाकारलेली आज्ञा चुकीचीच असते असे नाही. जीएनएस३ सारखी दुसरी साधने राउटरचे मूळ सॉफ्टवेअरच संगणकावर चालवतात. ती अधिक खरी, पण त्यांना संगणकात भरपूर स्मृती लागते आणि ते मूळ सॉफ्टवेअर रीतसर परवान्याने मिळवावे लागते. सीसीएनएच्या पायरीला पॅकेट ट्रेसर पुरते असे माझे मत आहे. पुढच्या पायऱ्यांना नाही.

शिवाय काही गोष्टी पडद्यावर फारशा कधी भेटतच नाहीत. उंदराने कुरतडलेली केबल, धुळीने तापलेला स्विच. खऱ्या राउटरला प्रथम संगणक जोडावा आणि पडद्यावर अगम्य चिन्हांचा कचरा यावा, अशा वेळी राउटर बिघडला समजून घाबरणारे मी पाहिले आहेत. बहुधा संभाषणाचा वेग जुळलेला नसतो. सिस्कोच्या राउटरवर तो मुळात ९६०० असतो. तो तसा ठेवा, अक्षरे नीट येतील. वीज जाणे मात्र पॅकेट ट्रेसरमध्येही करून पाहता येते. राउटरच्या चित्रावर बटण आहे, ते बंद करून चालू करा. दिलेल्या आज्ञा जपून ठेवलेल्या नसतील तर अख्खा तासाभराचा संसार पुसला जातो. हा धडा नकली राउटरवर मिळालेला बरा.

बाजारात आणखी एक माल मिळतो, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. परीक्षेतले म्हणून चोरलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. कंपनीच्या नियमांना ते धरून नाही, आणि पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पण ते बाजूला ठेवले तरी मला व्यवहाराचाच प्रश्न पडतो. नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस विचारणार, पहिला ठिपका का आला? तिथे पाठ केलेला 'क' हा पर्याय काय कामाचा?

दोघांनी मिळून सराव करणे सर्वांत चांगले. एकाने चालते जाळे घ्यावे आणि त्यात गुपचूप एक गोष्ट मोडावी : मास्क बदलावा, एखादी जोडणी बंद करावी, गेटवेचा एक आकडा चुकवावा. दुसऱ्याने तोवर बाहेर चहा पिऊन यावे आणि मग दोष शोधावा. काय तपासले आणि का, हे मोठ्याने बोलत शोधावा. आमच्या वर्गात एक मुलगी ह्या खेळात फार तरबेज होती. तिच्या जोडीदाराला दोन-दोन दिवस दोष सापडत नसे. एकदा तर तिने काहीच मोडले नव्हते. बिचारा पाऊण तास शोधत बसला, सगळे पत्ते पाहिले, सगळे मार्ग पाहिले, पाकीट एकेक पाऊल चालवून पाहिले, आणि अखेर अवघडून म्हणाला, 'ह्यात दोष नाही.' तिने त्या दिवशी चहाचे पैसे दिले.