मुरगळलेला घोटा आणि आधारपट्ट्याची निवड

पावसाळा लागला की निसरड्या पायऱ्या, चिखलाचे बांध आणि रस्त्यांतील खड्डे यांमुळे पाय मुरगळलेले रुग्ण आपल्याकडे वरचेवर येऊ लागतात. लेप, गुग्गुळकल्प आणि विश्रांती यांविषयी आपण त्यांना सविस्तर सांगतो. मात्र ‘पट्टा कोणता बांधू?’ या प्रश्नाला ‘दुकानातून एखादे अँकलेट घ्या’ एवढेच उत्तर पुष्कळदा मिळते. पुढे दुकानातही माप न घेता ‘मीडियम’ हाती दिले जाते. सूज ओसरली की रुग्ण स्वतःस बरा समजतो आणि अर्धवट भरून आलेला अस्थिबंध पुन्हा ताणला जातो. असे दोन-तीन वेळा घडले की घोटा कायमचा डळमळीत होण्याचा धोका असतो. पट्टा हा चिकित्सेचाच भाग आहे. म्हणून त्याचा प्रकार, ताण आणि काळ वैद्यानेच ठरवून दिला पाहिजे.

शास्त्राधार

पाय विषम पडल्याने घोट्याच्या ठिकाणी वात प्रकुपित होऊन वातकंटक होतो, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. शारीरस्थानात गुल्फाची गणना रुजाकर मर्मांत असून, तेथील आघाताने वेदना, पायाची स्तब्धता किंवा खंजत्व येते असे म्हटले आहे. चिकित्सास्थानातील भग्नाध्यायातील दोन सूचना आपल्या विषयास विशेष उपयुक्त आहेत. पहिली अशी की, उत्पिष्ट व विश्लिष्ट संधी चोळू अथवा हलवू नये. तेथे शीत परिषेक व प्रदेह योजावेत. दुसरी सूचना बंधाच्या ताणाविषयी आहे. बंध अतिशिथिल असल्यास संधीस स्थैर्य येत नाही. अतिगाढ असल्यास शोथ, वेदना व पाक होतो. म्हणून तो साधारण असावा. तो शीत ऋतूत ७, साधारण ऋतूत ५ आणि उष्ण ऋतूत ३ दिवसांनी बदलावा, असेही तेथे सांगितले आहे. पट्टा एकदा बांधून सोडून द्यावयाचा नसतो, हेच यातून स्पष्ट होते.

प्रथम अस्थिभंग वगळावा

पट्टा सुचविण्यापूर्वी हाड मोडले नसल्याची खात्री करावी. यासाठी कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेले ‘ओटावा नियम’ सुलभ आहेत. बाहेरील वा आतील घोट्याच्या हाडाच्या टोकाशी किंवा मागील कडेच्या खालच्या ६ सेंमी भागात दाबल्यावर दुखत असेल, अथवा रुग्णास दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. करंगळीच्या रेषेत पायाच्या बाहेरील कडेला असलेला हाडाचा उंचवटा आणि पायाच्या आतील बाजूचे नौकाकृती अस्थी, या दोन ठिकाणच्या दाबवेदनेसही हाच न्याय लागू आहे. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेल्या रुग्णांत मात्र केवळ या नियमांवर विसंबू नये.

अवस्थेनुसार पट्टा

पहिले दोन-तीन दिवस सूज कमी-अधिक होत असते. त्यामुळे मापाचा पट्टा नीट बसत नाही. या काळात १० सेंमी रुंदीचे क्रेप बँडेज पुरेसे होते. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून, बोटांच्या मुळापासून वर, टाच झाकली जाईल अशा रीतीने आठच्या आकड्यासारखे वेढे द्यावेत आणि वर जाताना ताण कमी करावा. प्राचीन स्वस्तिकबंधाची आठवण करून देणारीच ही रीत आहे. ओल्या लेपावर किंवा तेलावर बँडेज आवळू नये. लेप काढून त्वचा कोरडी केल्यावरच ते बांधावे. झोपताना ते सैल करावे.

सूज उतरू लागल्यावर मापाच्या पट्ट्याची वेळ येते. मोज्यासारखे ओढून घालावयाचे अँकलेट दाब व ऊब देते. परंतु पाऊल आत वळणे ते रोखू शकत नाही. सौम्य लचकेत ते चालेल. अस्थिबंध अंशतः फाटला असेल, तर आठच्या आकड्याचे पट्टे असलेला लेसचा ब्रेस, अथवा दोन्ही बाजूंस कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला, ज्यास दुकानात ‘स्टिरप ब्रेस’ म्हणतात तो योजावा. त्यांत पाऊल वर-खाली होते, मात्र आत वळण्यास अटकाव होतो. असा आधार साधारण ४ ते ६ आठवडे ठेवावा.

तीव्र लचकेच्या ५८४ रुग्णांवरील ब्रिटनमधील अभ्यास २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या अखेरीस नळीसारखे लवचीक बँडेज वापरणारे रुग्ण, दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलेल्यांपेक्षा मागे होते. स्टिरप ब्रेसने मात्र घोट्याचे कार्य प्लास्टरच्या जवळपास सुधारले. नऊ महिन्यांनी गटांत फरक उरला नाही. म्हणजेच योग्य पट्ट्याचा लाभ मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांत मिळतो. तीव्र लचकेत साध्या अँकलेटवर भागवू नये.

यानंतर खेळ किंवा कष्टाच्या कामापुरताच पट्टा वापरावा. त्याच्या जोडीला एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम नित्य करवून घ्यावा. पट्टा व्यायामाची जागा घेत नाही.

पादत्राणाचा विचार

स्टिरप ब्रेस बंद बुटातच स्थिर राहतो. चपलेत तो सरकतो. घरात अनवाणी वावरणाऱ्या गृहिणीस किंवा चिखलात काम करणाऱ्या शेतकऱ्यास तो लिहून दिल्यास लवकरच कोपऱ्यात पडून राहील. अशांस पायाला बिलगणारा लेसचा ब्रेस अधिक सोयीचा ठरतो. शेतात चिखल लागल्यास तो रोज धुऊन वाळवावा लागतो, हेही सांगावे.

औषधी दुकानदारांसाठी

ग्राहकास चार पावले टाकता येत नसतील, तर पट्टा विकण्याआधी त्यास वैद्याकडे पाठवावे. दुकानात मोजपट्टी ठेवावी. माप कोठे घ्यावयाचे हे उत्पादकागणिक बदलते. म्हणून खोक्यावरील तक्ता पाहावा. सूज शिल्लक असल्यास वेल्क्रोने कमी-जास्त करता येणारा पट्टा द्यावा, अन्यथा आठवड्याभरात तो सैल होईल. पट्टा बांधून थोडे चालवून पाहावे व पट्ट्याखाली एक बोट सरकते याची खात्री करावी. बोटे निळी वा गार पडणे, मुंग्या येणे ही लक्षणे दिसल्यास पट्टा लगेच काढावा आणि पोटरी सुजून दुखू लागल्यास विनाविलंब वैद्यास भेटावे, हे प्रत्येक ग्राहकास आवर्जून सांगावे.

वैद्यबंधू-भगिनींनी केसपेपरवर औषधाप्रमाणेच पट्ट्याचा प्रकार, माप, वापरण्याचे तास आणि पुनर्तपासणीची तारीख लिहावी. पहिली पुनर्तपासणी आठवड्याच्या आत ठेवावी आणि त्या वेळी पट्टा रुग्णाकडूनच बांधून घेऊन पाहावा.